पुढच्या चाकांचे ग्रीस

आज तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी इतरांचे अर्ज लिहितो आणि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून अद्याप भेटलेला नाही. परंतु नव्वदच्या दशकात माझा स्वतःचाच एक अर्ज गवत कापण्याच्या यंत्राच्या पुढच्या चाकापाशी अडला होता. ती हकीकत येथे नमूद करणे मला उचित वाटते.

उरणकडच्या आमच्या जमिनी एका कारखान्याला गेल्या आणि त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मात्र अक्षर असे की, गावाचे मोबदल्याचे अर्ज माझ्याच ओटीवर तयार होत. असे असूनही माझी नेमणूक झाली ती अधिकाऱ्यांच्या वसाहतीतील बागेत. तेथील हिरवळीसाठी एक परदेशी यंत्र आणले होते, ट्रॅक्टरसारखे वर बसून चालवण्याचे. ते चालवी माझ्याच गावचा, वयाने वडील असलेला एक सहकारी. त्याला मी दादा म्हणत असे. देखभाल माझ्याकडे आली, कारण मेकॅनिकने एकदा सांगितलेले सर्व मी तिथल्या तिथे बिनचूक म्हणून दाखवले.

दर शनिवारी पुढच्या दोन्ही चाकांना ग्रीस गन लावायची. जुने, काळे ग्रीस कडेने बाहेर पडून मागून स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत ती दाबत राहायचे. मग ते पुसून घ्यायचे, नाहीतर त्यावर माती बसते. अधूनमधून चाक उतरवून आस रॉकेलने धुवायचा. प्रारंभी मला या कामाचा अभिमान होता. पुढे ध्यानात आले की, चाके कुरकुरत नाहीत एवढ्याच कारणाने मला तेथून कोणी हलवीत नाही.

म्हणून कारखान्याच्या कचेरीतील लेखनिकाच्या जागेसाठी मी अर्ज केला. अनेक मसुदे फाडून झाल्यावर उतरलेला तो अर्ज होता. मुलाखतीचे बोलावणे आले ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचे.

दसऱ्याला आमच्याकडे होडीला, कोयत्याला, गाडीला झेंडूची माळ घालतात आणि ती हाताने काढीत नाहीत. आपोआप गळू देतात. दादाने त्या यंत्राच्या पुढच्या चाकांनाही माळा बांधल्या. त्या ओवल्या होत्या जाळे विणण्याच्या नायलॉनच्या दोऱ्यात, कारण खाडीकाठच्या घरांत हाताशी तोच दोरा असतो. दुसऱ्या दिवशी चाके फिरताच फुले गळाली, दोरा राहिला.

सकाळी पांढरा सदरा घालून मी कचेरीकडे निघालो, तो यंत्र हिरवळीच्या मधोमध तिरपे उभे. डावे चाक फिरत नव्हते आणि फरपटल्याने गवतावर मातीचा पट्टा उठला होता. मोठ्या साहेबांकडे त्या दिवशी पाहुणे येणार होते.

"आधी हे मोकळं करा, मग खुशाल जा," बागेचे मुकादम म्हणाले. "दुसऱ्या कोणाला येतंय का इथं?"

मी जॅक लावला. "दादा, चाकाला माळ कशाला बांधलीत?"

"मंग कुठं बांधू, सायबाच्या गल्यात?"

"निदान आज सोडायची तरी."

"दसऱ्याची माल हातानं सोडत नाय. तुला ठाव हाय."

ठाऊक होते.

टोपण, क्लिप आणि वायसर निघाले, चाक निघेना. दोरा आत ओढला जाऊन आसाभोवती घट्ट गुंडाळला होता आणि ग्रीसमध्ये माखून तारेसारखा झाला होता. ब्लेडने त्याचा एकेक वेढा कापू लागलो. मी आडवा पडलो होतो तेथून कचेरीचा दरवाजा दिसत होता. शिपाई बाहेर येई, नाव पुकारी आणि कोणीतरी आत जाई. माझे नाव पुकारले गेले तेव्हा माझे दोन्ही हात चाकात होते. मी ओरडून उत्तर दिले. शिपायाने इकडेतिकडे पाहिले आणि पुढचे नाव घेतले.

चाक बसवून मी बोटाने फिरवले. ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहिले. मोठे साहेब मागे येऊन कधी उभे राहिले ते मला कळले नाही.

"वा!" ते मुकादमांना म्हणाले. "ह्या माणसाला बागेतून सोडू नका हं."

तरीही मी कचेरीत गेलो. तेथील अधिकारी सभ्य होते. ते म्हणाले, "इतका नेटका अर्ज मी आजवर वाचला नाही. पण वरून आत्ताच निरोप आलाय." अर्ज त्यांनी दोन बोटांनी, मान राखून, बाजूला ठेवला.

शनिवारी मी ग्रीस गन दादासमोर धरली. "एवढं शिकून घ्या. म्हणजे मला पुन्हा अर्ज करता येईल."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको रं बाबा. तू शिकलास नि ह्या चाकात अरकलास, डोल्यांनी बघतोय मी. मना कनाला अरकवतोस?"

डाव्या चाकाचे झाले होते. मी सरकून उजव्या चाकाशी बसलो आणि गन दाबली. आधी काळे आले.