जोडीदाराची सही

आमच्या डायव्हिंग शाळेच्या ऑफिसात ताईंनी अठरा वर्षं एकच काम केलं. दुसऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन कोणी आलं की त्याची नोंदवही तपासायची आणि त्याच दर्जाचं आमचं कार्ड द्यायचं. स्वतः त्या कधी गुडघाभर पाण्यातही उतरल्या नव्हत्या. त्यांचा थोरला भाऊ इथेच शिकवायचा. सहा वर्षांपूर्वी तो समुद्रात खाली गेला, तो वर आलाच नाही.

एका दुपारी एक गृहस्थ कार्ड बदलून घ्यायला आले. वहीत प्रत्येक डाइव्हखाली, सोबत पाण्यात उतरलेल्या जोडीदाराची सही लागते. पानं उलटताना ताईंचं बोट शेवटच्या तीन सह्यांवर थांबलं. शेवटचं अक्षर उलटं वळवलेली ती सही त्यांच्या दादाची होती. तारखा मात्र गेल्या महिन्यातल्या.

"हे जोडीदार कोण?" ताईंनी विचारलं.

"नाव नाही माहीत. खालीच भेटतात. मी वाट चुकलो की हात धरून बोटीच्या दोरापाशी आणतात. बोटीवर येऊन बघतो, तर वहीत सही तयार."

"भीती नाही वाटली?"

"हात फार गार असतो, एवढंच."

शेजारच्या टेबलावरून मी ताईंच्या कानाशी वाकले. "ताई, कार्ड देऊ नका," मी कुजबुजले.

"जोडीदार जिवंत असावा, असं नियमात कुठे लिहिलंय?" म्हणत त्यांनी शिक्का मारला.

ते गृहस्थ गेल्यावर ताईंनी नवशिक्यांच्या वर्गाचा अर्ज ओढला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, पोहता तरी येतं का तुम्हाला?"

"शिकेन की," त्या म्हणाल्या.