चौदा किलोंचा ट्रान्सफॉर्मर

नाव: टेस्टरमामा. खरं नाव वीजबिलावर आहे, तिथे ते कोणी वाचत नाही. वय: एकसष्ट. व्यवसाय: वायरमन, निवृत्त, पण ऐकत नाहीत. ओळखखूण: खिशाला टेस्टर, डाव्या भुवईला केस नाहीत, कारण विचारू नये. जंगम मालमत्ता: स्वहस्ते गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, नग एक, वजन चौदा किलो. प्रयोजन: एकशे दहा व्होल्टची परदेशी वस्तू आपल्या दोनशे तीसवर चालवणे. आजवरचा वापर: निरंक.

हा 'निरंक' मामांना बावीस वर्षं सलत होता. त्यामुळे सकाळी दहाला तिसऱ्या मजल्यावरून भाचीचा फोन आला, "मामा, तिकडून आणलेल्या लॅपटॉपची पिन इथे बसतच नाही. बॅटरी नऊ टक्के आणि अकराला नोकरीची मुलाखत," तेव्हा त्यांनी काळजीचे दोन शब्द उच्चारले खरे, पण एक हात तोवर पलंगाखाली पोचला होता.

"कशाला हात लावू नकोस. धूर निघेल. मी आलो."

"पिन आणून द्या की कोपऱ्यावरून," मामी रेडिओपाशी बसून म्हणाल्या.

"दुकान अकराला उघडतं," मामा म्हणाले. इतक्या आनंदाने ही माहिती आजवर कोणी दिली नसेल.

तीन जिने चढून त्यांनी धूड टेबलावर ठेवलं. टेबल कण्हलं.

"मामा, जातं आणलंत?"

"तू केस विंचर."

बॅटरी सहा टक्के. मामांचा चाळीस वर्षांचा नेम होता: आधी वाचायचं, मग लावायचं. चष्मा चढवून त्यांनी चार्जरचा काळा ठोकळा उलटा केला. बारीक अक्षरात छापलं होतं: शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.

त्यांनी चष्मा पुसला. आकडे तेच राहिले.

भाची आरशात होती. एक बटण दाबलं की बावीस वर्षांचा डाग पुसला जाणार होता, आणि कोणाला कळलंही नसतं. पण न तपासलेली गुंडाळी, आणि पोरीची नोकरी.

"हा लागत नाही," मामा म्हणाले. "तुझ्या चार्जरला आपली वीज चालते. नुसती वायर बदलायची."

वायर ठोकळ्यातून उपसून निघाली. आत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं भोक. असं भोक मामांनी रोज पाहिलं होतं. त्यांनी खाली फोन लावला. "रेडिओची वायर काढ आणि वर ये."

"बातम्या चालल्यात."

"बातमी इथे आहे."

मामी धापा टाकत आल्या. मामांनी सॉकेटात टेस्टर घातला, मग वायर जोडली. लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा लागला तेव्हा बॅटरी दोन टक्के होती, आणि मामांनी टेस्टरने स्वतःचीच पाठ खाजवली, जी ते फार खूश असले तरच खाजवतात.

अकराला पाच कमी असताना भाचीने कॅमेरा लावला. त्यात तिची हनुवटी आणि पंखा दिसत होता.

"लॅपटॉप उंच करायला हवा," ती म्हणाली. "जड काहीतरी, हलणार नाही असं."

तिघांनी एकाच दिशेला पाहिलं.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. नोकरी लागली. ट्रान्सफॉर्मर अजून लॅपटॉपखाली आहे. त्याला वीज जोडलेली नाही.