न झालेला गोल

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शांती नगरात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. दुकानदार डोळ्यांसमोर एकामागून एक काचा धरत होता आणि मी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होतो. फोन पास्कूच्या मुलाचा, नेल्सनचा. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. दुपारी जेवून ओट्यावरच्या खाटेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि... जे वाटलं ते तसंच लिहितो, कारण या माणसाबाबत आणखी एक खोटं माझ्याच्याने होणार नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, रिक्षात. आधी मनात आलं ते हे, की बरं झालं, सगळं सांगून झालं होतं. त्याच्याशी बोलायचं काही राहिलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मला या सुटकेची लाज वाटत होती. आज पाच आठवड्यांनंतर वाटतं, लाज कसली? ही सुटका मला त्यानेच मिळवून दिली होती, आणि तीही फुकट नाही.

आम्ही गिरगावातल्या दोन खोल्यांतून भाईंदर पूर्वेला राहायला आलो ते ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक बंद पडलेलं मिठागर होतं. पावसाळा ओसरून दोन महिने गेले की त्याची जमीन अशी टणक आणि सपाट व्हायची की फुटबॉलला त्याहून चांगलं मैदान मागून मिळालं नसतं. पलीकडे जुनं गाव, शेती आणि मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. पोरांत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. आम्ही बिल्डिंगची मुलं क्रिकेटवाली, पण दुसरं मैदान नसल्यामुळे त्यांचा खेळ शिकलो. पास्कू त्यांचा गोलकीपर. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. त्याच्या नखांत कायम काळी पूड असायची. तो आम्हाला नावाने हाक मारत नसे. सगळ्यांना एकच हाक, "ए बिल्डिंगवाल्या!"

त्या मैदानावरच्या गोलांना जाळी नव्हती. नुसते तीन बांबू. आम्ही नवीन होतो तेव्हा सुहासने, म्हणजे आमच्या कप्तानाने, एकदा पास्कूला विचारलं होतं, "काय रे दादा, तुमच्या गावात घराघरात जाळी, आणि गोलला एक नाही?" पास्कूने कानांना हात लावले. "जाल्यावर आमचं पोट हाय. त्याला पाय न्हाय लावायचा. लाथ मारलेला बॉल तर न्हायच न्हाय." विकतची जाळी एकदा लावली, तर गावातल्या म्हाताऱ्यांनी तीही उतरवायला लावली. जाळी ती जाळीच. मग बॉल बांबूच्या आतून गेला की बाहेरून, हे ठरवायचं कसं? गावाची रीत अशी होती, की प्रत्येक गोलच्या मागे एक माणूस उभा करायचा आणि तो म्हणेल ते पंचाने मानायचं. हा माणूस कुणाचा? तर जो संघ त्या गोलवर चढाई करतोय, त्याचाच. मला हे ऐकून हसू आलं होतं. ज्याचा फायदा त्याचीच साक्ष! पण गावात ती रीत वर्षानुवर्षं चालत आली होती. सगळा गाव बघत असताना कोण खोटं बोलेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आमच्यासारखी माणसं त्यात धरलेली नव्हती.

तिथे दर वर्षी सामने भरायचे, आणि एका वर्षी अंतिम सामना आमचा आणि गावाचा झाला. मी बरा खेळाडू नव्हतो, म्हणून मला गोलमागे उभं केलं. चुन्याच्या रेषेला पाय टेकवून दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आमच्या बाजूला तर बाजारातले दुकानदारही दुकान सोडून आले होते. एक-एक अशी बरोबरी. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना सुहासने डावीकडून जोरात मारला. पास्कू उडाला, त्याची बोटं पोचली नाहीत, आणि बॉल बांबूला बाहेरून जवळजवळ घासत माझ्या उजव्या पायाजवळून गेला. बाहेरून. वीतभर तरी बाहेरून. मला तो बॉल आजही दिसतो. पंचाने माझ्याकडे पाहिलं, सगळ्या मैदानाने पाहिलं. आणि मी दोन्ही हात वर केले.

पास्कू उठून माझ्यासमोर आला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. "बिल्डिंगवाल्या, चुकला असशील. माझ्याकडं बघून सांग."

मी त्याच्याकडे बघून सांगितलं, "गोल."

शिट्टी वाजली. पास्कूने जाऊन बॉल आणला, छातीशी धरला आणि गोलरेषेवर मांडी घालून बसला. "ह्यो गोल न्हाय. मी बॉल देनार न्हाय," म्हणाला. पंच समजावत होता. तेवढ्यात आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "रडतोय बघ साला! चीटिंग करतोय!" मागून एक आवाज आला, "मारो साले को!" आणि चुन्याची रेषा तुटली. शंभर-दीडशे माणसं मैदानात घुसली. मी ज्यांना रोज जिन्यात नमस्कार करायचो ती माणसं. गावाचे दोन खेळाडू पास्कूच्या अंगावर आडवे झाले, त्यांनाही तुडवलं. कुणीतरी कोपऱ्यातल्या झेंड्याचा बांबू उपटला. पास्कूने डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि तो बांबू मनगटावर बसला. आवाज झाला, तो मी ऐकला. मी पाच पावलांवर होतो. मी एकदा ओरडलो असतो, "थांबा, गोल नव्हता," तर कदाचित... पण मी नाही ओरडलो. मी मारलंही नाही. "मी मारलं नाही" हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवलं. अर्ध्या तासाने मला खांद्यावर घेऊन गल्लीतून मिरवलं आणि मी हसत होतो.

मनगट नीट जुळलं नाही. हात पुढे-मागे व्हायचा, पण पिळता यायचा नाही. पॉलिशच्या मशीनवर भांडं फिरवून धरावं लागतं, ते गेलं. मालकाने त्याला खोकी बांधायला बसवलं. गोलकीपिंग तर संपलंच. दोन वर्षं सामने बंद राहिले. मी तोवर फोर्टमधल्या एका ऑफिसात लागलो होतो आणि स्टेशनला जाताना गावाची वाट टाळून लांबून जायचो. आईला म्हणायचो, तिकडे चिखल असतो. मे महिन्यातसुद्धा.

टाळता टाळता एका रविवारी बाजारात समोरासमोर आलो. त्याची बायको, लुसीवहिनी, मासळी घेऊन बसली होती आणि तो डाव्या हाताने बर्फ फोडत होता. मला पाहून म्हणाला, "काय साक्षीदार, बोंबील घेनार काय?" त्याने टोमणा मारला होता की सहज विचारलं, मला आजही ठरवता येत नाही. पण मी पुढे गेलो नाही. तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मी बोलून टाकलं. "दादा, तो गोल नव्हता. मी खोटं बोललो."

वहिनींचा हात कोयत्यावर थांबला. पास्कूने बर्फाचा एक तुकडा उचलून मासळीवर ठेवला. "मग? मला कशाला सांगतोस? मी गोलकीपर हाय रे. बॉल कुठून गेला ते मला ठाव न्हाय?"

"माफी मागायला..."

"ती तुझी गरज. माझी येगली हाय." मग हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगवाले मला अजून रड्या गोलकीपर म्हनतात. माझा पोरगा तुमच्या शालेत जातो, त्याला पन तेच म्हनतात. हात मोडला ते मोडला. पन ज्यांनी मारलं त्यांना वाटतं, खोटारड्याला मारला. त्यांना सांग. मैदानात सांग."

सामने पुन्हा सुरू होणार होते. उद्‌घाटनाला दोन्ही बाजूंची माणसं येणार, लाउडस्पीकर असणार. मी हो म्हणालो. आणि त्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो. गच्चीवर टाकीच्या आड उभा राहून मैदान पाहत होतो. पास्कू माइकजवळ उभा होता, अधूनमधून आमच्या बिल्डिंगकडे बघत होता. शेवटी त्याने घड्याळ पाहिलं आणि पंचाला खूण केली. नंतर तो मला कधी काही बोलला नाही. बाजारात भेटला की बोंबलाचा भाव सांगायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मी गेलो. जाताना चप्पल न घालता बूट घातले, पळावं लागलं तर म्हणून. हेही लिहूनच टाकतो. माइक हातात घेतला. दोनच वाक्यं बोललो. म्हणालो, "त्या फायनलचा आपला शेवटचा गोल झाला नव्हता. मी पाहिलं होतं, मी खोटं बोललो, पास्कूदादा खरं बोलत होता." लाउडस्पीकरमुळे माझाच आवाज बिल्डिंगच्या भिंतींवर आपटून परत आला. मग सुहास ओरडला, "अरे येड्या, हे आत्ता सांगतोस? घरी झोपला होतास इतकी वर्षं?" एक चप्पल आली आणि टेबलावर आपटली. आमच्या बाजूची माणसं पुढे सरकली, काहींचे पाय चुन्याच्या आत आले. मला तो जुना आवाज आठवला, मनगटाचा...

पास्कू माझ्या पुढे येऊन उभा राहिला. त्याने टेबलावरची चप्पल उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि डाव्या हाताने माइक ओढून म्हणाला, "एकच आली. दुसरी पन टाका. आठ नंबर हाय, माझ्या मापाची हाय."

आधी गावाची बाजू हसली, मग आमची. ज्याने चप्पल फेकली होती त्याला एका पायाने लंगडत ती न्यायला यावं लागलं, तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. पास्कू मात्र हसत नव्हता. माइकवर एवढंच म्हणाला, "आता रेषेच्या बाहेर व्हा. खेल चालू करायचा हाय." आणि माणसं मागे सरली. इतकी वर्षं जिन्यात लोकांची नजर चुकवणारा मी स्वतःच होतो, हे मला त्या दिवशी घरी परतताना कळलं. सगळ्यांच्या तोंडाकडे बघता येत होतं.

मध्यंतरात आमच्या बिल्डिंगमधला एकजण पास्कूजवळ गेला. त्याचं नाव लिहीत नाही. म्हणाला, "दादा, बांबू माझ्या हातात होता."

पास्कूने त्याला नीट न्याहाळलं. "तू काय? मला वाटलं कोन पैलवान होता. खातोस तरी काय?" तो माणूस मान खाली घालून रडायला लागला, आणि पास्कूने त्याला वाडग्यातला चहा दिला. आठवडाभराने सुहास त्या फायनलचा कप घेऊन गावात गेला. त्यांनी तो ठेवून घेतला, पण गाजावाजा केला नाही.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. त्याच दिवशी, मध्यंतरानंतर सामना परत सुरू होताना, पास्कूने मला दंडाला धरून गोलमागे नेलं. "हितं उभा ऱ्हा."

"मी? दादा, माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"तुझ्यावरच. बाकीच्यांनी अजून खोटं बोलून बघितलं न्हाय, त्यांचा भरोसा काय?"

त्यानंतर नव्वदचं दशक संपत आलं आणि त्या मिठागरावर इमारतींचे खांब उभे राहिले, तोवर दर वर्षी मी तिथेच उभा राहिलो. एकदा आमच्याच संघाचा उपांत्य सामन्यातला गोल मी नाकारला. बॉल वरच्या बांबूवरून गेला होता. आमच्या पोरांनी शिव्यांची लाखोली वाहिली, आईपर्यंत पोचले. पण चुन्याच्या आत एकही पाय आला नाही. सामना संपल्यावर पास्कूने मला काही शाबासकी दिली नाही. "चल, बोंबील तळलेत," म्हणाला. त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. पंचवीसएक वर्षं बसलो. ओट्यावरच. आत जायची कधी वेळ आली नाही, सगळं बाहेरच व्हायचं, चहा, मासे, वाद.

गेल्या रविवारी चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर गावात जेवण होतं. ओट्यावर माणसं मावत नव्हती, म्हणून आम्हाला आत बसवलं. जेवून मी हात धुवायला परसदाराकडे गेलो. दाराचा बोल्ट ओढू लागलो तर हात अवघडला, बोल्ट सरकेना. जोर लावला, तरी नाही. मग पाहिलं, बोल्ट उलट्या बाजूने बसवला होता. शेजारच्या कपाटाची कडीही तशीच. मोरीच्या नळाची चावी तशीच. भिंतीवरचा कोयत्याचा खिळा, दिव्याचं बटण, सगळं एका बाजूला सरकवलेलं. उजवं मनगट पिळत नसलेल्या माणसाने सगळं घर हळूहळू डाव्या हाताचं करून घेतलं होतं. मी तिथेच उभा राहिलो, बोल्टवर हात ठेवून.

मागून त्याची सून भांडी घेऊन आली. "काका, सगळ्यांचं असंच होतं. मी नवीन आले तेव्हा रोज शिव्या द्यायचे या दाराला. आता माहेरी गेले की तिथलं दार उघडत नाही मला." ती हसली. आतून लुसीवहिनींचा आवाज आला, "नेल्सन म्हनत होता, आता सगळं सरळ करून घेऊ. मी म्हटलं, हात लावायचा न्हाय. आमच्या घराला हीच सवय हाय." मग मला म्हणाल्या, "भाऊ, डाव्या हातानं ओढा. जोर नका लावू."

मी डावा हात लावला. बोल्ट अलगद सरकला आणि दार उघडलं.