बारशाला उकळलेली झडप

गाडीतला थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढी झडप. इंजिन गार असेपर्यंत मिटून बसायचं, तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडं सोडायचं, एवढंच तिचं काम. पण अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात तिला कामावर ठेवणारा मिस्त्री सापडेल तर शपथ! आमच्या मिस्त्रीनं गेल्या उन्हाळ्यात न विचारता काढून टाकली. वर म्हणतो, "साहेब, ही भानगड काश्मीरवाल्यांची. आपल्याकडं माणूससुद्धा उकळूनच घराबाहेर पडतो."

थंडी आली आणि इंजिन काही केल्या तापेना. तेरला जाऊन आलो तरी बॉनेटवर मांजर झोपायला तयार नाही. डिझेल मात्र गाडी वऱ्हाडासारखी रिचवायची. शेवटी मी हट्ट धरला, झडप बसवाच. मिस्त्रीनं तोंड वाकडं करत पत्र्याचा डबा उपडा केला. त्यात निम्म्या जिल्ह्याच्या झडपा! "ही तुमचीच," म्हणत एक उचलून बसवली. उकळत्या पाण्यात टाकून ती उघडते का, हे आधी बघायचं असतं. त्यानं बघितलं नाही, मीही म्हटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात अणदूरला मेहुण्याच्या मुलाचं बारसं. कानात नाव सांगणारी आत्या म्हणजे माझी बायको. ती पोचल्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. तुळजापूरच्या चढाला काटा लालात गेला आणि बॉनेटमधून अशी वाफ निघाली की मागच्या ट्रकवाल्यानं भरदुपारी दिवे लावले.

"सुखानं चालली होती गाडी," बायको कडाडली. "तुम्हालाच काश्मीर आठवलं!"

तासभर इंजिन निवू दिलं. मग नव्या सदऱ्यानिशी दोन बोल्ट खोलले, झडप उपटून खिशात घातली, पिण्याच्या सगळ्या बाटल्या रेडिएटरला पाजल्या आणि निघालो.

पोचलो तेव्हा पाळण्याची गाणी संपून बायका आरत्यांवर आल्या होत्या. आमची आत्याबाई धावत गेली, बाळाच्या कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे पडले. उशिराचा रागही सगळ्यांनी त्यातच काढला.

मी मात्र चुलीपाशी. उकळत्या पातेल्यात झडप टाकून बसलो होतो. पाणी आटत आलं तरी ती बया मिटलेलीच.

"बघ, बघ! चूक मिस्त्रीची!" मी ओरडलो.

बायको पाठ चोळत आली, पातेल्यात डोकावली.

"उघडली न्हाय व्हय?"

"न्हाय!"

"बरं," म्हणाली आणि माझ्या पाठीत दणकन धपाटा घातला. "हा तुमच्या वाटचा."