आर्डिसच्या वजनाची वाळू

कल्पना करा, तुम्हाला सातशे पानांची कादंबरी वाचायची आहे आणि नवरा स्वयंपाकघरात बसून बदकांना बोलवायच्या शिट्ट्या बनवतो. बनवलेली प्रत्येक शिट्टी तो वाजवून बघतो. पसंत पडली तर पुन्हा वाजवतो. तुम्ही वाचायला कुठे बसाल?

आर्डिस लिंडाल तळ्यावरच्या गाडीत बसायची.

आमच्याकडे उत्तर मिनेसोटात दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या मधोमध एक भंगार गाडी नेऊन ठेवतात. तिला बांधलेली दोरी काठावरच्या घड्याळापर्यंत येते. वसंतात बर्फ फुटून गाडी बुडाली की दोरीला हिसका बसतो आणि घड्याळ थांबतं. ते कधी थांबेल, यावर सगळं गाव पैज लावतं.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर आर्डिस वाचायला लागली. आधी घोडे आणि बंदुका. मग डॉक्टर-नर्सची प्रेमं. मग खून. खुनाच्या पुस्तकाचं शेवटचं पान ती आधी वाचायची. खुनी पसंत पडला तरच पुढे. वाचनालयातले सगळे खून संपले, तेव्हा तिथल्या मार्लिसने थेओडोरा ब्लिक्सची कादंबरी पुढे केली.

"हिला जगभरची बक्षिसं मिळालीत."

"मरतं कोण?"

"कुणी नाही गं. एक माणूस बेटावर राहायला जातो. कोंबड्या पाळतो."

"आणि?"

"वाच तर. आणि शेवटचं पान आधी उघडलंस तर तुझं कार्ड काढून घेईन."

आर्डिसने तीस पानं शिव्या देत वाचली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण काही वाक्यं दोनदा वाचतोय. कळली नाहीत म्हणून नव्हे, लवकर संपली म्हणून. त्याच क्षणी नवऱ्याने, वर्लिनने, शिट्टी फुंकली. ती रजई आणि कॉफीचा थर्मास घेऊन जी उठली, ती थेट गाडीत जाऊन बसली. मग रोजच.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं मांस-बटाट्याचं एकत्र भाजलेलं जेवण, खाता खाता पैजेची समिती बसली.

"आर्डिस, तुझ्या वजनाने गाडी लवकर बुडणार," अध्यक्ष ऑरिन स्कोग्मो म्हणाला. त्याने उशिराची तारीख धरली होती.

"ती जानेवारीपासून बसतेय," लवकरची तारीख धरलेले म्हणाले. "आम्ही तिला धरूनच हिशेब केलाय. आता उठली तर ती लबाडी."

"माझी शंभर पानं उरलीत," आर्डिस म्हणाली. "मला शांतता पाहिजे. बुडायचं ते बुडू दे."

"घरी चल ना," वर्लिन म्हणाला. "मी हळू वाजवीन."

"तू हळू वाजवलंस की बदक आजारी वाटतं."

शेवटी ठरलं, की तिच्या जागी तिच्याच वजनाची वाळू ठेवायची. कोट-बुटांसकट तिला धान्याच्या काट्यावर उभं केलं.

"पुस्तक हातात घे," ऑरिन म्हणाला.

"त्याचीही वाळू?"

"तेही रोज बसायचंच की."

वाळूच्या पोत्यांना सीटबेल्ट लावला. आर्डिसला मात्र वाचायला गावच्या चौकीतली एकुलती एक कोठडी मिळाली. ती कित्येक वर्षं रिकामीच होती. "दार बंद कर, नाहीतर वर्लिन येईल," असं तिनेच हवालदार डेलला बजावलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी काठावर आरडाओरडा झाला आणि डेल किल्लीसकट तिकडे पळाला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला.

"माफ कर, आर्डिस. कुलूप उघडायचंच राहिलं. गाडी गेली."

"तू बाहेर गेला होतास?" मिटलेलं पुस्तक मांडीवर ठेवून ती म्हणाली.

"कोण जिंकलं, विचारणार नाहीस?"

त्याने दार उघडताच ती तशीच त्याच्यासमोरून निघून वाचनालयात गेली.

"याचा पुढचा भाग दे."

"नाही गं. एवढंच आहे," मार्लिस म्हणाली. "तिची बाकीची पुस्तकं आहेत."

"ती दे. सगळी दे." पुस्तकं काखेत मारून आर्डिस दारापर्यंत गेली आणि परत आली. "समुद्र शांत होता. कोंबड्याही शेजाऱ्याला देऊन झाल्या होत्या. मग होडीत बसल्यावर त्याने वल्ही आत का घेतली?"