मार्लेटचं रीळ आणि आकारामचा हात

आकाराम पोवाराला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो फिटर. रविवारी कारखान्याला सुट्टी, हातांना नाही. आम्ही दहा-बारा गळवाले पंचगंगेच्या काठावर बसलो की हा प्रत्येकाची काठी तपासत फिरायचा. कुणाचं काही बिघडलं की, "आण हिकडं!" नदीवर त्याच्या हाताला मान होता आणि त्या मानावरच गडी जगायचा.

२००३ साली त्यानं आमच्या डोक्यात मार्लेट भरवलं. मार्लेट म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं परदेशी रीळ. सातजणांनी घेतलं. प्रत्येक कोरं रीळ हा आधी घरी न्यायचा, खोलायचा आणि कारखान्यातलं घट्ट ग्रीस ठासून भरायचा. फिटरच तो, ग्रीसशिवाय चाक त्याला बघवत नसे.

वर्षभरात बोंबाबोंब सुरू झाली. मुरगूड गावाकडचे गळवाले मार्लेटची तारीफ करायचे, आमची मात्र जाम व्हायची. आमच्यातल्या हंबीररावांच्या गळाला आठ किलोचा कटला मासा लागला आणि ऐन वेळी चाक अडकून दोरी तुटली. त्यांनी रीळ उपटून नदीत भिरकावलं.

"फ्रॉड कंपनी हाय! आकाराम, तुलाबी फसवलं त्यांनी!"

आकारामला ते फार लागलं. मार्लेट त्याच्या शब्दावर घेतलेलं. जेवता जेवता उठायचा, रीळ खोलायचा, वर आणखी ग्रीस भरून पुन्हा बसवायचा. शेवटी माझं जाम झालेलं रीळ घेऊन, मला मागं बसवून त्यानं मोटारसायकलवर मुरगूड गाठलं. तिथल्या पंचाक्षरी नावाच्या दुकानदाराकडे सहा वर्षांचं मार्लेट होतं. बोट लावलं की गरगर फिरायचं.

"पावणं, ग्रीस कुठलं घालता?"

"ग्रीस कशाला? वर्सातनं एकदा मशीनच्या तेलाचा थेंब. खोललंच न्हाय की कधी."

आकारामनं तिथंच माझं रीळ खोललं. आतलं ग्रीस नदीची वाळू धरून दगड झालं होतं. तो नखानं ते खरवडत राहिला. परतीच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवून उतरला, नुसताच येरझाऱ्या घालून पुन्हा बसला.

रविवारी तो सगळ्यांपुढं उभा राहिला. "कंपनीचं काय चुकलं न्हाय. मी ग्रीस भरलं, म्हणून जाम झाली. चूक माझी हाय."

सगळे हसले. "तुझा हात चुकंल व्हय?" ज्ञानू म्हणाला. हंबीररावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "लई मोठ्या मनाचा हाईस. पर कंपनीला पाठीशी घालू नगंस."

आकारामनं माझ्याकडं पाहिलं. वाळू मी डोळ्यांनी पाहिली होती, एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. पण मला वाटलं, राहू दे की गड्याचा मान. मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या रविवारी ज्ञानूनं दुसऱ्या कंपनीचं कोरं रीळ आणलं आणि आकारामपुढं धरलं. "ह्यात तेवढं ग्रीस भरून दे."

आकारामनं दोन्ही हात खिशात घातले आणि सगळ्यांच्या देखत घरचा रस्ता धरला. त्यानंतर तो नदीवर आला नाही.