कुंपणवाले तात्या

तात्या रस्त्यानं जाताना लोकांच्या कुंपणांना हात लावत जायचे, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मध्येच थांबून म्हणायचे, "ह्येचं डोस्कं लई वाढलंय, पाय उपाशी हायती." ऊसतोडणी सुटल्यावर आमच्या मॉरिशसच्या त्रियोले गावात त्यांनी कुंपणं लावायचं काम धरलं होतं. आपण जिला कुंती म्हणतो ते सदाहरित झुडूप, तिकडचं 'ब्वी द शीन', त्यांना असं वश होतं की दोरी न लावता कापलेला माथा हौदातल्या पाण्यासारखा सपाट दिसे. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते, तरी तोंडाचा आ करून बघत राहायचे.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. बाबा आणि विठूकाका, शेजारीशेजारी राहणारे सख्खे भाऊ, जमिनीच्या वाटणीवरून असे भांडले की बोलणंच तुटलं. बाबांनी तात्यांना बोलावून सांगितलं, "असं दाट लाव, की त्याचं तोंड दिसायला नको."

"दिसनार नाय. पन तीन वर्सं लागतील. तवर दिसंल."

बांधावरचं कुंपण तात्या एकट्यासाठी कधी लावत नसत. दुधाच्या डब्यांत वाढवलेली निम्मी रोपं त्यांनी काकांच्या अंगणात नेऊन ठेवली. एक रोप बाबांच्या हातून, पुढचं काकांच्या. छाटणीही दोघांनी एकाच दिवशी करायची. "येका अंगानं कापलं, की दुसऱ्या अंगाला टक्कल पडतं!" दोघे मुकाट्यानं कापायचे. कुंपण हळूहळू भरलं आणि काका दिसेनासे झाले.

मग सिक्लोन आला, मोठं चक्रीवादळ. खाऱ्या वाऱ्यानं पानन्‌पान करपलं, नुसत्या काटक्या उरल्या. बाबांनी तडक गवंडी ठरवला. आता मिरायच घालायची, पक्की भिंत. ती उभी राहिली की दोन घरं कायमची तुटणार, हे मला दिसत होतं. मी तात्यांकडे धावले.

त्यांनी येऊन फांदीला नख लावलं. सालीखाली हिरवं होतं. बाबांना म्हणाले, "शिवा, पा पेर, भिऊ नको. चाळीस दिस दे. नाय फुटलं तर मीच उपटून देतो." आणि करवतीनं अख्खं कुंपण गुडघ्याएवढं करून टाकलं. तात्या रोज सकाळी येऊन वाकून बघून जात. मध्येच आईला ताप आला, तर काकू पेजेचं भांडं घेऊन सरळ कुंपण ओलांडून आल्या. बाबांनी बघितलं आणि दार उघडून दिलं.

महिना उलटला आणि एका सकाळी खोडाखोडांतून पोपटी फुटवे आले. मला खरोखर हात जोडावेसे वाटले, झुडपाला की तात्यांना, कोण जाणे. बाबांनी गवंड्याला नको म्हणून कळवलं.

कुंपण कमरेला आलं तेव्हा तात्या कातर घेऊन आले. बाबा खाली बघत म्हणाले, "तात्या, हितंच ठेव. वर नको जाऊ देऊ."

"मला काय सांगतोस? कुपन दोगांचं हाय. त्याला इचार."

काका पलीकडे कातर घेऊन उभे होते. बाबा कुंपणापाशी गेले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हाक मारली, "विठू, कमरेएवढंच ठेवू काय रे?"